मंद आच

सरकी काळी पडता कामा नये.
त्या रात्री आईनं मला एवढंच शिकवलं,
पसरट मडक्यावर वाकून,
चुलीतलं लाकूड अर्धं मागे ओढत.
"हात लाव. चटका बसतोय,
पण हात काढावासा वाटत नाही ना?
तेवढीच आच."

पोती कंपनीची. पोत्यांवर शिक्का,
शिक्क्यावर जहाज.
नदीलगत जिथं कसावा होता, जोंधळा होता,
वेलावर वाल होता,
तिथं आता हुकूम होता:
माणशी एक हेक्टर कापूस.
बाईसुद्धा माणूसच, असं
त्या एकाच कागदावर लिहिलेलं.

पुरुष कुणी उसाच्या मळ्यावर,
कुणी रुळांखाली खडी अंथरायला नेलेले.
माझा बाप यांतला कुठला
हे अजून नक्की ठाऊक नाही.

कापूस खाता येत नाही.
कंपनीला हे कुणी सांगितलं नसावं.

माझं काम वाटेवर बसून खोकायचं.
सिपाई दिसला तर दोनदा.
गोरा दिसला तर तीनदा, आणि मग रडायचं.
सिपाई आमच्यातलाच, मुकापेरा,
डोक्यावर लाल टोपी, पाय अनवाणी.
त्याच्या हुद्द्याचं नाव, म्हणे,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखातून
मसाल्याच्या पोत्यांबरोबर आलं होतं.
तिकडेही असेल कुणी पोर
वाटेवर खोकत बसलेली.

पेरणी झाली. दोरी धरून, सरळ रेषेत.
व्हेलोझो साहेबानं रेषांचं कौतुक केलं.
पाऊस वेळेवर पडला, हवा तेवढा पडला.
जमीन फुगली, भेगाळली, गप्प बसली.

महिन्यानं साहेबानं गुडघ्यावर बसून
एक बी उकरलं, दातांत धरलं, थुंकलं.
मग बाटलीत माती भरली.
मग म्हणाला, आळशी बायका.

मुआनाशाचे हात पुढे ओढले गेले.
लाकडी पट्टी, तिला पाच भोकं,
प्रत्येक फटक्याला भोकांतून मांस वर येतं.
मी वीसपर्यंत मोजलं. मला वीसच येत होते.
ती ओरडली, शिव्या दिल्या,
तिच्या आईची, त्याच्या आईची नावं घेतली;
मडक्याचं नाव घेतलं नाही.
बोटांवरचे आधीचे फोड, सरकी हलवतानाचे,
त्या सुजेत कुणाला दिसलेच नाहीत.
पुढचे सोळा दिवस तिला घास भरवला
आळीपाळीनं. माझ्या पाळीला
ती माझं बोट चावायची, मुद्दाम, हलकंच.

अंशियाचं शेत मात्र उगवलं.
दोन दोन पानं, हिरवीगार, ओळीत.
तिला दोन तान्ही होती, भीती होती,
तिनं कच्चीच सरकी पेरली होती.
कुणी तिला काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात शेळ्या होत्या.
कुणाच्या, साहेबानं विचारलं.
सगळ्यांच्या.
त्यांत अंशियाचीही एक होती, पांढऱ्या कानाची.
ती सोडली कुणी, हे मी आजतागायत
विचारलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी वहीत नोंद झाली:
"या पट्ट्यातली माती कापसाला प्रतिकूल."
आमच्या मातीला अशी शिवी मिळाली
आणि आम्ही त्या रात्री वाल शिजवले,
मीठ नव्हतं, तरी दोनदा वाढून घेतले.

पोती उचलली गेली. ट्रक नदी ओलांडून
पलीकडच्या गावांकडे गेला.
तिथल्या बाया आमच्या कुणी नव्हत्या.
त्यांची बोली ऐकून आम्ही हसायचो,
त्यांनी एकदा आमचे मासे चोरले होते.

आई दोन दिवस काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तिनं मडकं घासलं,
उपडं करून डोक्यावर घेतलं,
आणि पाणी कमरेला लागेल अशा उतारानं
नदीत शिरली.

मी म्हटलं, निरोप पाठव ना कुणाबरोबर.
ती मागे न वळता म्हणाली,
"आच सांगून कळत नाही."